चर्च सोडलेल्या मॉर्मन माणसाची प्रेषितांशी समोरासमोर गाठ पडली, तर त्याने काय बोलावे?

प्रश्न | सॉल्ट लेकची सून

माझे पती उटा राज्यात जन्मले आणि तिथेच वाढले. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून उत्तरकालीन संतांच्या चर्चचे, म्हणजे आपण ज्याला सरसकट मॉर्मन चर्च म्हणतो त्या चर्चचे, सभासद आहे. १८४७ मध्ये ब्रिगम यंग यांनी अनुयायांचा पहिला तांडा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आणला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच पतींचे पूर्वज बैलगाड्यांच्या मागून चालत तिथे पोहोचले. पतींनीही घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मिशन स्वीकारले आणि दोन वर्षे ब्राझीलमध्ये धर्मप्रसार केला. पुढे २०१३ ते २०१५ या काळात चर्चने स्वतःच्याच संकेतस्थळावर आपल्या इतिहासातील अवघड प्रकरणांविषयी निबंध प्रसिद्ध केले. ते वाचता वाचता त्यांची श्रद्धा सुटत गेली आणि काही काळाने त्यांनी रीतसर राजीनाम्याचे पत्र दिले. सासरची बाकीची मंडळी आजही श्रद्धावान आहेत, आणि आमचे त्यांच्याशी येणेजाणे उत्तम आहे.

आता पतींच्या पुतणीचे लग्न ठरले आहे. विधी टेम्पलमध्ये, म्हणजे फक्त पात्र सभासदांनाच प्रवेश असलेल्या मंदिरात, होणार असल्याने आम्हा दोघांना आत प्रवेश नाही, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. मात्र संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला बारा प्रेषितांच्या मंडळातील, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी, एक सदस्य येणार आहेत, कारण ते मुलाकडच्या कुटुंबाचे जुने स्नेही आहेत. ही बातमी कळल्यापासून पती अस्वस्थ आहेत. ज्या माणसाची भाषणे त्यांनी वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेतली, त्याच्याशी समोरासमोर बोलण्याची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी आहे, असे त्यांना वाटते. ती संधी मिनिटभराची असेल, भोवती सगळे नातेवाईक असतील, आणि मनात साचलेले मात्र त्या मिनिटात मावणारे नाही.

मी या परंपरेतली नसल्यामुळे मला त्यांना सल्ला देता येत नाही. ते काहीच न बोलता घरी येतील आणि नंतर चुटपुटत राहतील, किंवा सगळे एकदम बोलून टाकतील, अशी दोन्ही बाजूंची भीती मला वाटते. अशा भेटीत माजी सभासद काय बोलतात, आणि बोलून काही साधते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर | वासॅचचा शेजारी

मी या चर्चचा सभासद कधीच नव्हतो, परंतु सॉल्ट लेकच्या परिसरात माझे बहुतेक आयुष्य गेले आहे. माझे शेजारी आणि सहकारी एक तर सभासद आहेत किंवा माजी सभासद आहेत, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे माझ्या कानांवर पडत आले आहे.

'चर्चचा नेता' म्हटले की दोन अगदी निराळ्या माणसांची गल्लत होते, म्हणून आधी तेवढे वेगळे करतो. वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप हा बिनपगारी असतो. पोटापाण्यासाठी तो दंतवैद्य असेल किंवा विम्याच्या कचेरीत असेल, आणि साधारण पाच वर्षांनी तो त्या पदावरून मोकळा होतो. वॉर्डच्या सीमा राहत्या पत्त्यावरून ठरतात, त्यामुळे तो सहसा चार घरे पलीकडेच राहतो. चर्चच्या आरोग्यनियमात कॉफी वर्ज्य आहे, आणि माजी सभासदाच्या हातात नेमका कॉफीचा कप असताना बिशप समोर येणे हा इथला नेहमीचा विनोद आहे. दोघेही क्षणभर ओशाळतात, मुलाबाळांची चौकशी होते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. त्याच्यापाशी धोरणांची तक्रार मांडण्यात अर्थ नसतो, कारण ती त्याने ठरवलेली नसतात.

प्रेषितांचे तसे नाही. त्यांचे पद तहहयात असते. त्यांची छायाचित्रे घराघरांत असतात, आणि ते खोलीत आले की सभासद उठून उभे राहतात. दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या महासभेत त्यांनी केलेली भाषणे पुढचे सहा महिने घरोघरी आणि वर्गावर्गांत अभ्यासली जातात. यांतले बरेच जण चर्चच्या बाहेरही मोठ्या हुद्द्यांवर होते: रसेल नेल्सन हृदयशल्यविशारद होते, डॅलिन ओक्स उटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, डीटर उक्टडॉर्फ लुफ्तान्सामध्ये वैमानिक होते. अनोळखी माणसाशी दोन मिनिटे आपुलकीने बोलून पुढे सरकणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. ते हात हातात घेतील, तुम्ही वधूचे कोण हे विचारतील, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तिसरा प्रश्न 'मिशन कुठे केलेत?' हाच असेल.

त्या प्रश्नाची वाट पाहावी, असे मी सुचवीन, कारण त्याचे उत्तर 'ब्राझील' आहे. एरवी सर्व पात्र पुरुष सभासदांना मिळणारे पौरोहित्य कृष्णवर्णीय पुरुषांना न देण्याचा चर्चचा नियम जून १९७८ मध्ये उठला. ज्या देशात कोणाच्या वंशावळीत काय मिसळले आहे हे सांगणे अशक्य, त्या ब्राझीलमध्ये तो नियम पाळणे सर्वांत अवघड झाले होते. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर साओ पाउलोच्या टेम्पलचे समर्पण झाले. तिथे मिशन केलेल्या अनेकांना हा नियम मुळात का होता, असे घरोघरी विचारले गेले आहे, आणि त्यांनी आपल्याला शिकवलेली स्पष्टीकरणे प्रामाणिकपणे पुढे दिली आहेत. डिसेंबर २०१३ च्या निबंधात चर्चने ती जुनी स्पष्टीकरणे नाकारली. तुमच्या पतींच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर 'मी तिथल्या कुटुंबांना जे सांगितले ते खरे नव्हते, आणि हे त्यांना आता कोण सांगणार, हा प्रश्न मला छळतो' एवढे म्हणणे पुरेसे आहे. विषय त्यांनीच काढलेला असेल, त्यामुळे तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटणार नाही.

उत्तर | एके काळचा सभासद

मी अमेरिकेत विद्यार्थी असताना बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षांनी बाहेर पडलो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण ही भेट तुमच्या पतींना एवढी मोठी का वाटते, याचे कारण त्यात आलेले नाही, आणि ते समजल्याशिवाय काय बोलावे हे ठरवता येणार नाही.

या चर्चमध्ये खालून वर जाणारा रस्ता जवळजवळ नाही. सभासदांनी वैयक्तिक किंवा सिद्धांतविषयक प्रश्नांसाठी वरिष्ठ नेत्यांना पत्रे लिहू नयेत, असे चर्चची नियमपुस्तिकाच सांगते. कोणी लिहिलेच, तर ते पत्र बहुधा त्याच्याच स्टेक अध्यक्षाकडे, म्हणजे अनेक वॉर्डांच्या प्रमुखाकडे, परत पाठवले जाते, आणि मग तो अध्यक्ष तुम्हाला बोलावून घेतो. महासभेत नेत्यांच्या नावांना हात वर करून अनुमोदन देताना 'विरोधात कोणी आहे का' असे विचारण्याची प्रथा आहे. एप्रिल २०१५ मध्ये सभागृहातील काही जणांनी खरोखरच उभे राहून विरोध दर्शवला, तेव्हा व्यासपीठावरून त्यांना आपापल्या स्टेक अध्यक्षांना भेटण्यास सांगण्यात आले. म्हणजे विरोधाची जागा जिथे विधीतच ठेवली आहे, तिथूनही माणूस पुन्हा खालीच पाठवला जातो. अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला विमानतळावर, नाटकाच्या मध्यंतरात किंवा लग्नाच्या मांडवात प्रेषित भेटले, तर मध्ये कोणीही नसलेली अशी ती आयुष्यातली एकमेव भेट ठरते. मग त्या एका मिनिटावर सगळ्या वर्षांचे ओझे येते, आणि बोलणे बिघडते ते तिथे.

म्हणून काय बोलू नये, ते आधी सांगतो. इतिहासाची प्रश्नमंजूषा मांडू नये. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ टोपीत दगड ठेवून मॉर्मन ग्रंथाचे भाषांतर सांगत होते, किंवा पंधरावा वाढदिवस काही महिन्यांवर असलेल्या मुलीशीही त्यांनी विवाह केला होता, हे आता चर्चच्या निबंधांतच लिहिलेले आहे. प्रेषित शांतपणे म्हणतील, 'होय, आम्हीच ते प्रसिद्ध केले आहे,' आणि तुमचे मिनिट संपेल. पैशांचा विषयही तसाच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने चर्चची गुंतवणूक कंपनी आणि चर्च यांच्यावर मिळून ५० लाख डॉलरचा दंड बसवला, कारण शेअरांतील प्रचंड गुंतवणूक वेगवेगळ्या नामधारी कंपन्यांच्या नावे दाखवली गेली होती. आयुष्यभर उत्पन्नाचा दहावा हिस्सा दशमांश म्हणून दिलेल्या माणसाला यावर संताप येणे रास्तच आहे. पण चर्चने त्याच वेळी निवेदन काढून झालेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त केला आणि आता हे प्रकरण आमच्या दृष्टीने संपले आहे, असे जाहीर केले. स्वागतसमारंभात याहून वेगळे वाक्य ऐकायला मिळणार नाही.

माफी मागण्याची अपेक्षाही ठेवू नये. जानेवारी २०१५ मध्ये ओक्स यांनी एका मुलाखतीत, चर्च माफी मागतही नाही आणि देतही नाही, अशा आशयाचे स्पष्ट उत्तर दिले होते. ते वाचून अनेकांना राग आला. मला मात्र त्यातून एक सोय झाल्यासारखे वाटले, कारण जे मिळणारच नाही त्याची वाट पाहणे तरी थांबले.

मग उरते काय? उरते ते असे वाक्य, ज्याला समोरच्याकडून उत्तराची गरज नाही आणि जे फक्त तुम्हीच बोलू शकता. चर्च सोडून गेलेल्यांविषयी व्यासपीठावरून दोन प्रकारचे बोलणे होत आले आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये उक्टडॉर्फ यांनी मान्य केले, की लोक केवळ दुखावले गेल्यामुळे, आळसामुळे किंवा पापामुळे सोडून जातात असे समजणे बरोबर नाही, आणि नेत्यांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. एप्रिल २०२१ मध्ये नेल्सन यांनी आळशी शिकणारे आणि ढिलाईने अनुसरण करणारे लोक यांच्या श्रद्धेविषयी जे म्हटले, ते घरोघरच्या माजी सभासदांना स्वतःला उद्देशून वाटले. पहिले बोलणे फार कमी लोकांच्या लक्षात राहिले, दुसरे सर्वांच्या. माझ्या ओळखीच्या माजी सभासदांना विचारले, की प्रेषित भेटले तर काय सांगाल, तर घुमूनफिरून बहुतेक जण याच ठिकाणी येतात: 'मी तुमची भाषणे ऐकत मोठा झालो. मी आळसाने गेलो नाही आणि कोणावर रुसूनही गेलो नाही. मी तुम्ही सांगितले तसेच शोधत गेलो आणि जे सापडले त्यामुळे बाहेर पडलो. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावे, एवढीच इच्छा होती.' हे बोलायला अर्धे मिनिट पुरते. समोरून साक्ष ऐकायला मिळेल, म्हणजे 'हे चर्च खरे आहे हे मी जाणतो' या अर्थाचे ठरलेले वाक्य, किंवा 'तुमच्यासाठी जागा नेहमीच आहे' असे आमंत्रण. दोन्ही ऐकून घ्यावीत आणि बाजूला व्हावे.

उत्तर | अभिलेखागारातली

वरची दोन्ही उत्तरे समंजस आहेत, आणि माझा आक्षेप नेमका त्या समंजसपणालाच आहे. 'मी आळशी नव्हतो, मी रुसलो नव्हतो' असे सांगणे म्हणजे आरोप त्यांनी करायचा आणि आपण पुन्हा त्यांच्याच न्यायासनासमोर उभे राहून बाजू मांडायची. ज्याने राजीनामा दिला आहे, त्याने अजून निर्दोष असल्याचा दाखला का मागावा?

मी अमेरिकेतील धर्मसंस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करते, आणि या चर्चच्या अलीकडच्या इतिहासात लोकांनी तोंड उघडल्याचा उपयोग झालाच नाही, असे मला दिसत नाही. स्वीडनचे हान्स मॅटसन हे स्वतः युरोपातील वरिष्ठ नेते होते. तिथल्या सभासदांना इतिहासाविषयी प्रश्न पडू लागले, तेव्हा २०१० मध्ये चर्चचे इतिहासकार मार्लिन जेन्सन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टर्ली हे स्टॉकहोमला जाऊन त्यांना भेटले. उत्तरांनी समाधान न झालेल्या मॅटसन यांनी २०१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सला आपली हकिगत सांगितली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून ते निबंध येऊ लागले. एकामुळेच दुसरे घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु प्रश्न विचारणारे गप्प बसले असते, तर ते निबंध लिहिण्याची निकड कोणाला वाटली असती?

दुसरे उदाहरण सॅम यंग यांचे आहे. ह्यूस्टनचे हे माजी बिशप. अल्पवयीन मुलामुलींना बिशपने बंद खोलीत एकट्याने लैंगिक विषयांवर प्रश्न विचारू नयेत, अशी त्यांची मागणी होती. मार्च २०१८ मध्ये त्यांनी मुख्यालयावर मोर्चा नेला. त्याच महिन्यात चर्चने नियम बदलून, मुलाची इच्छा असल्यास मुलाखतीच्या वेळी दुसरी प्रौढ व्यक्ती खोलीत असू शकते, अशी सोय केली. यंग त्यावर थांबले नाहीत, त्यांनी उन्हाळ्यात उपोषण केले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. नियम मात्र बदललेलाच राहिला. आणि हा माणूस उद्धट नव्हता. ते चिकाटीने, हात जोडून विचारत राहिले होते.

म्हणून माझे मत असे, की प्रश्न विचारावा, पण इतिहासाचा नव्हे, तर त्या माणसाने स्वतः ज्यात भाग घेतला आहे अशा निर्णयाचा. १८४४ मध्ये मारल्या गेलेल्या जोसेफ स्मिथ यांच्या कृत्यांचा जाब आजच्या प्रेषितांना विचारून ते काय सांगणार? परंतु नोव्हेंबर २०१५ मध्ये जे धोरण आले, त्यात समलिंगी विवाह करणाऱ्यांना धर्मत्यागी ठरवले गेले आणि त्यांच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाकारला गेला. जानेवारी २०१६ मध्ये नेल्सन यांनी ते प्रकटीकरणाने, म्हणजे ईश्वराकडून, आल्याचे सांगितले, आणि एप्रिल २०१९ मध्ये ते मागे घेतले गेले, तेही प्रकटीकरणानेच. तुमचे पाहुणे त्या काळात बारा जणांत असतील, तर त्यांना विचारता येईल: 'मधल्या काळात ज्या मुलांना थांबवले गेले, त्यांच्यापैकी कोणाला तुम्ही भेटलात का?' हा हो किंवा नाही असे उत्तर असलेला प्रश्न आहे. त्याला साक्ष देऊन उत्तर देता येत नाही. ते गप्प राहिले, तरी ते गप्प राहणे हेही एक उत्तरच समजावे.

जाता जाता, लग्नाचा विषय आहे म्हणून हेही लिहिते. मे २०१९ पर्यंत अमेरिकेत आधी नागरी विवाह करणाऱ्या जोडप्याला टेम्पलमधील सीलिंगसाठी, म्हणजे पतिपत्नींना कायमचे जोडणाऱ्या विधीसाठी, वर्षभर थांबावे लागत असे. वर्षभर थांबणे लाजिरवाणे मानले जाई, म्हणून जोडपी थेट टेम्पलमध्ये जात, आणि सभासद नसलेले आईवडील स्वतःच्या मुलीच्या लग्नात बाहेर बाकावर बसत. ती अट आता नाही. ती उठावी म्हणून कित्येक आयांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, विनवण्या केल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना तेव्हा कोणी ना कोणी 'योग्य वेळ आणि योग्य जागा' यांचे धडे दिलेच असतील.

उत्तर | एके काळचा सभासद

न्यायासनाचा मुद्दा मला पटला. 'रुसलो नाही, आळशी नाही' हे दोन शब्द मी माझ्या वाक्यातून काढून टाकीन आणि 'शोधत गेलो, बाहेर पडलो' एवढेच ठेवीन. पण २०१५ च्या धोरणाचा प्रश्न ज्यांच्या घरात तो घाव बसला आहे त्यांनी विचारावा. ज्याला स्वतःला झळ लागली नाही त्याने तो विचारला, तर प्रेषितांना ते लगेच जाणवते आणि मग तो प्रश्न केवळ वर्तमानपत्रातला होऊन जातो. ब्राझील हे तुमच्या पतींचे स्वतःचे आहे. शिवाय सॅम यंग यांच्यामागे हजारो लोकांच्या सह्या होत्या. पुतणीच्या लग्नात उभा असलेला काका एकटा आहे.

उत्तर | कायद्याच्या बाजूने

मुद्दा छोटा आहे, पण उपयोगी पडेल. 'सार्वजनिक जागा' कोणती, हे सॉल्ट लेकमध्ये दिसते तितके सरळ नाही. टेम्पल आणि चर्चच्या कचेऱ्या यांच्यामधला मेन स्ट्रीटचा तुकडा पूर्वी शहराचा रस्ता होता. १९९९ मध्ये चर्चने तो विकत घेऊन तिथे बाग आणि चौक केला. लोकांच्या ये-जा करण्याच्या हक्कासोबत तिथे भाषणस्वातंत्र्यही येते का, यावर खटला झाला, २००२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल चर्चच्या विरोधात गेला, आणि पुढच्याच वर्षी शहराने तो हक्क चर्चला सोडून दिला. आज त्या चौकातून कोणीही चालत जाऊ शकतो, परंतु चर्चचे सुरक्षारक्षक तुम्हाला निघून जायला सांगू शकतात. २००९ मध्ये तिथे चुंबन घेतलेल्या समलिंगी जोडप्यावर अनधिकृत प्रवेशाचा ठपका ठेवला गेला होता. बरेच स्वागतसमारंभ वॉर्डच्या इमारतीतील सभागृहात होतात, आणि तीही चर्चचीच मालमत्ता असते.

ध्वनिमुद्रणाचे म्हणाल, तर उटामध्ये संभाषणातील एकाची संमती पुरते, म्हणजे स्वतःचे बोलणे स्वतः नोंदवणे गुन्हा ठरत नाही. तरीही घरच्या लग्नात हे करू नये. ते उघडकीस आल्यावर सासरी जे होईल, त्यावर कायद्यात उपाय नाही.

सॉल्ट लेकची सून

सर्वांचे मनापासून आभार. पतींना सगळी उत्तरे वाचून दाखवली. ब्राझीलचा उल्लेख ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी तिथल्या दोन कुटुंबांविषयी सांगितले, जे मी आजवर कधी ऐकले नव्हते. अभिलेखागारातल्या ताईंचे म्हणणेही त्यांना पटते, पण पुतणीच्या समारंभात जाब विचारण्याचा त्यांचा पिंड नाही.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली म्हणजे, प्रेषितांना सभासद आदराने 'एल्डर' म्हणतात, तसे पतींनीही म्हणावे का? पतींना आता ते संबोधन वापरवत नाही, आणि न वापरल्यास सासूबाईंना तो अपमान वाटेल. दुसरी शंका अशी, की प्रेषितांनी सर्वांसमोर 'परत या' असे म्हटले, तर काय उत्तर द्यावे? सासूबाई शेजारीच उभ्या असतील, आणि त्या हेच वाक्य ऐकण्यासाठी कित्येक वर्षे प्रार्थना करत आल्या आहेत.

उत्तर | वासॅचचा शेजारी

संबोधनाची अडचण टाळता येते. 'नमस्कार, मी वधूचा काका' असे म्हणून हात पुढे केला, तर कोणतेही संबोधन लागत नाही आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. सभासदही अशा गर्दीत धांदलीने काहीबाही बोलतात. 'मॉर्मन' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर मुद्दाम वापरू नये. २०१८ पासून नेल्सन यांनी चर्चचे पूर्ण नावच घ्यावे असा आग्रह धरला होता, त्यामुळे तो शब्द ऐकताच तुम्ही चिमटा काढता आहात असे धरले जाईल, आणि ब्राझीलचे बोलणे बाजूला राहील.

'परत या' ला उत्तर देताना कारणे देऊ नयेत, कारण कारण दिले की त्यावर समजूत घालणे सुरू होते. 'तुम्ही मनापासून म्हणता आहात हे मला कळते, पण माझा निर्णय झालेला आहे, आणि मी ठीक आहे' असे स्वरात कडवटपणा न आणता सांगावे. सासूबाईंना हे त्या क्षणी प्रथमच ऐकावे लागू नये, म्हणून पतींनी त्यांच्याशी आधीच्या आठवड्यात घरी बोलून घ्यावे: प्रेषितांशी दोन वाक्ये बोलणार आहे, ती कोणती आहेत, आणि त्यात भांडण नाही. त्या माउलीची समारंभातली धडधड त्याने निम्मी कमी होईल. पुतणीलाही सांगावे, आणि तिने नको म्हटले, तर केवळ हस्तांदोलन करून पुढे जावे. प्रेषित काही दिवसांनी पुन्हा कुठेतरी भेटतील. सॉल्ट लेक फार मोठे शहर नाही, आणि ते लोकही विमानाने प्रवास करतात, औषधांच्या दुकानात जातात, नातवंडांचे सामने पाहायला येतात.